उघडणाऱ्यास कळावं

त्यांना वास येत नव्हता, आणि ते मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गेल्यावर मला गाळता येणार नाही. मी आठवीत शाळा सोडलेली बाई, लिहायची सवय नाही, गोष्ट कुठून धरायची ते कळत नाही. पण तोंडानं सांगताना मी दरवेळी ह्याच जागेवर अडखळते नि भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

कसलाच वास नाही. सुक्या मासळीचा नाही, डिझेलचा नाही, मोगऱ्याचा नाही. तरुणपणी ते रत्नागिरीला बंदरावर एका बर्फाच्या कारखान्यात होते. तिथं जोडीदारानं एक व्हॉल्व्ह उघडा ठेवला नि जेवायला गेला, नि ह्यांनी पुढचा उघडला. अमोनिया सरळ तोंडावर. डोळे वाचले, नाक गेलं. त्याच्याबद्दल कधी कुरकुर नाही. एवढंच म्हणायचे, "उघडा ठेवलान त्याचं काय नाय गो. सांगितलान नाय."

पुढं ते गाड्यांचे एसी करायला लागले. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याची शेड, दारात दोन माड, आत एक गाडी मावेल एवढीच जागा. सगळे त्यांना बाबा म्हणायचे, आणि पाठ वळली की थंडोबा. थंडीचा धंदा म्हणून, नि कामाला उशीर लावतात म्हणूनही. त्यांना ते माहीत होतं. फोन उचलला की स्वतःच म्हणायचे, "थंडोबा बोलतोय, घाई असेल तर ठेव."

नाक नसल्यामुळं ते दुसऱ्याचं नाक मागायचे. "नाक दे जरा," असं म्हणायचे, जसं आपण म्हणतो पेन दे जरा. दुपारी डबा उघडला की समोर जो असेल त्याच्यापुढं धरायचे, मग तो साहेबाचा ड्रायव्हर असो की पाटी घेऊन चाललेली कोळीण असो. "बघ गो, आंबलं काय?" ती म्हणेल नाय, की जेवायचे. एकदा एका रिक्षावाल्यानं मस्करी केली. डाळ चांगलीच उतरलेली होती, हा म्हणाला झकास आहे. बाबा सगळी जेवले नि दोन दिवस आडवे झाले. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आले, भांडण नाही, शिवी नाही, पत्र्यावर पांढऱ्या रंगानं त्या माणसाचं अख्खं नाव घातलं नि खाली लिहिलं, ह्याच्या नाकावर विश्वास ठेवू नये. ते मी डोळ्यांनी वाचलंय. रिक्षावाल्याचं हातापाया पडून झालं, पुसलं नाही.

कारण लिहिण्याचं त्यांना वेड होतं. शेडमध्ये लिहिल्याशिवाय वस्तू नव्हती. दारावर, कडी वरून काढा, जोर लावू नये. स्टुलावर, ह्याचा एक पाय हलतो. पाण्याच्या माठावर, काल भरलं, आणि रोज सकाळी ते पुसून परत काल भरलं. तेलाच्या डब्यांवर तर दोन्ही बाजूंनी. नि ज्या गाडीचं काम करतील तिच्या बॉनेटच्या आत एक पत्र्याची पट्टी ठोकायचे, तिच्यावर बारीक ब्रशानं, काळ्या रंगात, छापल्यासारखं अक्षर. काय काढलं, काय भरलं, किती भरलं, कुठला तुकडा नवीन नि कुठला जुना. वर ठळक, उघडणाऱ्यास कळावं.

आमचे हे पहिल्यांदा ती पट्टी बघून हसले. "बाबा, कोण वाचतंय हे?"

"तू नाय वाचणार. तुझ्यानंतर उघडेल तो वाचेल," ते म्हणाले. "गाडीला तोंड नाय. मी घातलेलं मी लिहून नाय ठेवलं तर ते विषच की रे."

मला ते तेव्हा जास्तच वाटलं. म्हातारा आहे, एकटा आहे, चाळा लागतो एकेकाला.

आम्ही त्यांच्याकडं का गेलो ते सांगते. माझ्या मुलाला घाम येत नाही. ऐकणाऱ्याला हे काहीच वाटत नाही, उलट बायका म्हणतात बरं की, कपडे कमी धुवायला लागतात. पण घाम आला नाही की अंगातली गरमी अंगातच राहते. तो सात महिन्यांचा असताना शिमग्यानंतर आम्ही त्याला एसटीनं कोल्हापूरला डॉक्टरकडं नेत होतो. आमचं गाव पालीच्या पुढं आत. साखरप्यापर्यंत तो रडत होता, नि मग एकदम गप्प झाला, मला वाटलं झोपला. हात लावला तर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा, डोळे वर. एका अनोळखी बाईनं तिची पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर ओतली, मग सगळी एसटी बाटल्या पुढं करायला लागली, मी त्याला नुसती धरून होते. वाचला. डॉक्टर म्हणाले, ह्याच्या अंगात घाम काढणाऱ्या पिशव्याच नाहीत, जन्मभर असंच, त्याला गरमीत न्यायचं नाही. आणि तपासायला मात्र दर थोड्या दिवसांनी आणायचं. पहाटे निघालं तरी परतताना भर दुपार होणार.

घरात एक गाडी होती. सासरे मुंबईला एका शेठच्या गाडीवर होते, शेठनं नवीन घेतली तेव्हा जुनी त्यांना दिली. सासरे गेले, गाडी राहिली. तिला एसी होता, पण बटण दाबलं की नुसता पंखा फिरायचा. आमचे हे दुसऱ्याचा टेम्पो चालवतात, त्यांना इंजिनाचं कळतं, एसीचं नाही. म्हणून गाडी घेऊन शेडवर गेलो, मंगळवारी, पुढच्या सोमवारची कोल्हापूरची तारीख होती.

आम्ही गेलो तेव्हा तिथं एक हॉटेलवाला आधीच उभा होता, मोठा माणूस, गळ्यात चेन. त्याच्या गाडीचं झाकण उघडून बाबा बघत होते. बघितलं नि झाकण बंद केलं.

"ह्यात कोणीतरी काहीतरी भरलान."

"भरलंय जरा वाटेत, पण तुम्ही काढा नि तुमचं भरा ना."

"काय भरलान?"

"मला काय माहीत बाबा, गॅस भरला."

"मग मला तरी काय माहीत. उष्टी गाडी मी घेत नाय. घेऊन जा."

तो माणूस खूप बोलला, आवाज चढवला, ओळखी सांगितल्या. बाबा माठावरचं झाकण सारखं करत बसले. शेवटी तो गेला. मी घाबरून ह्यांच्या मागं सरकले, मला वाटलं हा म्हातारा आपल्यालाही हाकलणार.

पण आमच्या गाडीकडं बघायच्या आधी त्यांनी आमच्याकडं बघितलं. "हिच्यात बसणार कोण?"

"आम्हीच," हे म्हणाले.

"तू नाय. थंड हवंय कोणाला?"

मी मुलाला पुढं केलं. काय झालंय ते मला सांगता येईना, मी डॉक्टरांचा कागद काढायला लागले, ते म्हणाले कागद नको. उलटा हात त्यांनी मुलाच्या मानेवर ठेवला, जसा ते नळीवर ठेवायचे, पालथी बोटं, डोळे मिटून. मग पाठीवर. मग तळव्यांवर.

"जाळी नाय गो बाय ह्याची बसवलेली," म्हणाले. "गाडीच्या तोंडाला जाळी असते बघ, आतली गरमी तिथनं बाहेर जाते. माणसाची जाळी म्हणजे घाम. देवानं बसवायची राह्यली."

तीन वेळा डॉक्टरकडं जाऊन मला जे कळलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडतेस काय, तुला घाम येतोय तो पूस आधी."

मग गाडी बघितली. म्हणाले, ही जुन्या गॅसवरची आहे, बारा नंबर म्हणतात त्याला, तो बंद झाला, आता एकशे चौतीस भरतात. पण नुसता भरायचा नाही. आतलं जुनं तेल काढायचं, नळ्या धुवायच्या, सांध्यातली रबरं बदलायची, ओल पिणारा डबा नवीन बसवायचा, तो इथं मिळत नाही, मागवायचा. आठ दिवस.

"आठ दिवस? गॅस भरायला?" हे म्हणाले.

"गॅस भरायला अर्धा तास. गाडी बदलायला आठ दिवस."

"मग नुसता भरा ना बाबा, सोमवारी जायचंय."

"नवीन गॅसचं जुन्या तेलाशी पटत नाय. तेल फिरत नाय, एका जागी बसून राह्यतं, नि कंप्रेसर कोरडा फिरतो. मग एक दिवस अडकून बसतो. कुठं अडकेल? आंबा घाटात अडकेल. तेव्हा हा कुठं असेल?" मुलाकडं बोट केलं. "तारीख पुढं घे."

तारीख पुढं घे म्हणणं सोपं असतं. ती तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळालेली होती. हे वाटभर म्हातारबुवाला शिव्या घालत राहिले, नि खरं सांगते, मीपण घातल्या. इतकं कशाला ताणायचं माणसानं, समोर पोर दिसतंय ना.

गुरुवारी ह्यांनी गाडी हायवेच्या कडेच्या एका माणसाकडं नेली. त्यानं अर्ध्या तासात गॅस भरला. घरी आले, गाडी चालू ठेवून मला हाक मारली, "ये, बस." मी बसले. हिव भरलं. इतकं गार की मुलाचे गाल लाल झाले नि तो हसायला लागला, दोनच दात त्याला, ते दिसले. सासूबाई म्हणाल्या, बघा, नि तो थंडोबा आठ दिवस मागत होता.

मी विचारलं, कुठला भरला? हे म्हणाले, आपल्या चुलीचाच, सिलिंडरचा, तो म्हणतो सगळे जुन्या गाडीला हाच घालतात, थंडी ह्याचीच जास्त.

त्याच्यावर आम्ही कोल्हापूरला जाऊन आलो. जाताना काही नाही. परतताना घाटाच्या खाली आलो नि वास यायला लागला. दूध उतू जाऊन शेगडी विझली नि आपल्या लक्षात आलं नाही की जसा येतो तसा. थोडासाच. हे म्हणाले, काच खाली कर. खाली केली तर बाहेरून भट्टीचा वारा, मुलाचं अंग तापायला लागलं, म्हणून वर केली, वर केली की वास. पाच मिनिटं वर, पाच मिनिटं खाली. मुलानं माझ्या अंगावर उलटी केली. आपण सिलिंडरच्या पोटात बसलोय असं मला वाटत होतं, आणि मी बोलत नव्हते, बोललं की खरं होतं म्हणून. घरी पोचलो. आठ दिवसांत गारवा गेला, नुसता पंखा उरला. आणि डॉक्टरांनी महिन्यानं परत बोलावलं होतं, वैशाखात.

म्हणजे परत शेडवर जाणं आलं. आदल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "बाबांना सांगूया, काय भरलं होतं ते."

"सांग. नि मग त्या हॉटेलवाल्यासारखी ने परत गाडी," हे म्हणाले. "आता राहिलाय कुठं गॅस, गेला सगळा उडून. कोणाला कळतंय."

मला वाटलं बरोबर आहे. उष्टी गाडी ते घेणार नाहीत, तारीख जाईल, एसटीनं न्यायला लागेल. माझ्या डोळ्यापुढं साखरपा आला. सांगून गाडी परत आणायची की न सांगता मुलाला थंड न्यायचं, एवढंच मला दिसत होतं. तिसरं काही मला दिसलंच नाही.

सकाळची वेळ होती. गाडी शेडमध्ये घेतली, पुढचं झाकण वर केलं. बाबा खाली वाकले. मी मुलाला कडेवर घेऊन दारात.

"मधी कोणी हात लावला?"

"नाय बाबा," हे म्हणाले.

"हा नट घासलेला दिसतोय."

"मीच बघत होतो जरा."

बाबांनी मान हलवली. मग त्यांचा तो दिवा काढला. जुन्या गॅसवाल्या गाड्यांना ते आधी हा दिवा लावून बघायचे. खाली छोटा बुधला, वर तांब्याच्या चकतीवर ज्योत, नि बाजूनं एक रबरी नळी. नळीचं तोंड सांध्यापाशी न्यायचं, जुना गॅस तिथं गळत असला तर ज्योत हिरवीगार होते. हिरवी होतेय तोवर जुना काढायचा, मग नवीन. मागच्या खेपेला त्यांनी ते आम्हाला कौतुकानं दाखवलं होतं, मोरपिसासारखी ज्योत.

दिवा पेटवायच्या आधी ते थांबले. "ये बाय. नाक दे जरा."

मी पुढं गेले, झाकणाखाली वाकले. वास होता. खूप नाही, पण होता, तोच. हे पलीकडून माझ्याकडं बघत होते. मुलाची मान माझ्या खांद्याला लागलेली, ती गरम व्हायला लागली होती.

"नाय बाबा," मी म्हटलं. "कसलाच नाय."

"बरं. पोराला घेऊन माडाखाली जा, दिव्याचा धूर होतो. त्याला नको."

त्या शेडपासून माडापर्यंत पंधरा पावलं असतील. मी ती नंतर मोजून बघितली आहेत. पंधरा पावलांत माणूस किती काय बोलू शकतो. चुलीच्या गॅसला काडी लावली की पेटतो हे कोणाला माहीत नाही, मला रोज दोन वेळा माहीत असतं. पण त्या वासाची नि त्या दिव्याची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही. किंवा पडत होती, नि मी पडू दिली नाही. आता नक्की सांगता येत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

भक्क असा आवाज झाला, फार मोठा नाही, शेगडी उशिरा पेटवली की होतो तेवढाच, फक्त गाडीएवढा. मी वळले तर हे भिंतीला जाऊन आपटलेले, नि बाबा दोन्ही हात वर धरून बाहेर येत होते, नमस्कार सोडून दिल्यासारखे. भुवया नाहीत. हातांकडं मला बघवेना. पहिलं वाक्य बोलले ते, "झाकण उघडंच ठेवा, कोणी विडी पेटवू नका." दुसरं, "पोरगं कुठाय?"

सरकारी दवाखान्यात नेलं. रिक्षा तीच मिळाली, पत्र्यावर ज्याचं नाव होतं त्याची. तो रडत गाडी मारत होता, नि मी रडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, छातीवर ठेवलेले. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मुलाकडं, मग ह्यांना विचारलं, "तारीख कधीची?"

ह्यांनी सांगितली.

"मागवलेला तो ओल पिणारा डबा आलाय शेडवर. मंगळवारी मला सोडतात. बुधवारी गाडी लाव. मी बसेन, हात तुझे."

मला वाटलं, बाबांना कळलेलं नाही. दिव्याची चूक झाली असं वाटतंय त्यांना. मी देवाचे आभार मानले. हेही लिहून ठेवते, आभार मानले.

बुधवारपासून चार दिवस ते त्या पाय हलणाऱ्या स्टुलावर बसून होते, नि आमचे हे त्यांचे हात. "सोड. हळू. जोर लावू नको, दारावर वाचलं नायस? आता बोटावर घे तेल, घास, काय लागतं?" "काळं." "काळं कसं लागतं रे, काळं दिसतं. लागतं काय?" "कचकच." "हां. कंप्रेसर झिजत होता." नळ्या धुतल्या, हिरवी रबरं बसवली, डबा बसवला. मग पंप लावून आतली हवा ओढून घेतली नि घड्याळासारख्या मीटरचा काटा मला बघायला बसवलं, सबंध दुपार. काटा हलला की कुठंतरी भोक आहे. बाबा समोर बसलेले, मी काट्याकडं बघत, आणि ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ह्यांच्याशी बोलायचे, मुलाशी बोलायचे. पाणी हवं असलं तर ह्यांना सांगायचे, तिला सांग. जेवणाचा डबाही त्यांनी माझ्यापुढं धरला नाही. रस्त्यानं एक कोळीण चालली होती, तिला हाक मारलीन, "ये गो, नाक दे जरा." मी तीन हात लांब बसले होते. ती वाकली, हुंगलं, म्हणाली चांगला आहे. नि मी त्यांना घास भरवला, कारण हात नव्हते. माझ्या हातचं जेवले. माझ्या नाकावर नाही.

तेव्हा मला कळलं, बाबांना सगळं माहीत आहे.

मी त्या पत्र्याकडं बघायचे, जिथं रिक्षावाल्याचं नाव होतं. त्याच्या खाली बरीच जागा होती. आज ना उद्या तिथं माझं नाव येणार. रत्नागिरीचा अर्धा बाजार तिथून जातो. पण लिहिणार कोण, हात पट्टीत. आणि मला त्याचं बरं वाटलं, बघा किती नीच मन असतं.

शनिवारी नवीन गॅस भरला, तोलून. बाबांनी पालथ्या बोटांनी बघायला हात पुढं केला, पट्टी आठवली, मागं घेतला. मुलाला म्हणाले, "तू सांग रे, थंड आहे?" तो हसला. दोन दात.

मग म्हणाले, "पट्टी राह्यली."

ह्यांनी ब्रश उचलला. बाबा म्हणाले, "तू नाय. ती."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बाबा, माझं अक्षर चांगलं नाही, आठवी झालीय फक्त."

"चांगलं नको. लिही."

पट्टी मांडीवर घेतली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले, ओळ वाकडी जायची, रंग ओघळायचा. उघडणाऱ्यास कळावं. जुना गॅस काढला. आता एकशे चौतीस, वजन साडेसातशे ग्रॅम. तेल नवीन. रबरं नवीन. डबा नवीन. कंप्रेसर जुना, झिजलेला, सांभाळून.

"आता शेवटचं," म्हणाले. "ह्याच्या आधी ह्या गाडीत चुलीचा गॅस भरला होता."

मी लिहिलं. हे शेडच्या बाहेर गेले.

"विचारलं तेव्हा, उघडणाऱ्यास सांगितलं नाही."

ब्रश थांबला. मी वर बघितलं नाही. ब्रश रंगात बुडवला नि म्हटलं, "ज्यानं सांगितलं नाही, त्याचं नाव लिहायचं का बाबा?"

"नाव कशाला," म्हणाले. "अक्षर तुझंच हाय."

दोन वर्षं झाली. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं वळत नाहीत, पाना धरता येत नाही, शेड बंद आहे. दारावर अजून आहे, कडी वरून काढा. दोनदा मी दारापर्यंत गेले. एकदा ते माडाखाली बसले होते, मी लांबून बघितलं नि बाजाराकडं वळले. आमचे हे म्हणतात, झालं ते झालं, त्यांनीपण आधी आडमुठेपणा केला नसता तर. आणि मला पटतं ते, हेच वाईट आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मीपण तेच म्हणते. उष्टी गाडी घेत नाय, असं नसते म्हणाले तर मी खोटं बोलले असते का? असं कोण वागतं, कशाला वागायचं इतकं खरं? मग मला त्यांचा इतका राग येतो की थोडा वेळ बरं वाटतं.

गाडी छान थंड करते. पोरगा तीन वर्षांचा होईल. घाटात कधी अडकली नाही.

गेल्या खेपेला कोल्हापुरात पंख्याचा पट्टा आवाज करत होता म्हणून एका गॅरेजवर थांबलो. इंजिन चालूच ठेवलं होतं, मी मागच्या सीटवर, पोरगा मांडीवर झोपलेला. तिथला माणूस झाकण वर करून उभा होता. पट्टी त्यानं मोठ्यानं वाचली, अडखळत, अक्षर लागेना म्हणून. शेवटच्या ओळीवर आला नि हसला.

"आयला. हे कुणी लिहिलंय?"

"जुन्या मालकानं लिहिलं असंल," आमचे हे म्हणाले.

तो माणूस बाजूला होऊन माझ्याकडं बघायला लागला. काच अर्धी खाली होती. मी ती वर घेतली. थंड हवा बाहेर जात होती.